एका सर्किटाच्या सोबतीने इलेक्ट्रिकलची पदवी

कंट्रोल सिस्टिम्सच्या पहिल्या तासाला मी फळ्यावर दुसऱ्या ऑर्डरचं डिफरन्शियल समीकरण लिहितो आणि विचारतो, याची तुमची आधी कुठे गाठ पडली होती? वर्ग गप्प असतो. मग शेजारी एक रेझिस्टर, एक इंडक्टर आणि एक कपॅसिटर एकापुढे एक जोडून काढतो. दोन-चार चेहरे उजळतात. बाकीच्यांच्या लेखी तो विषय कधीच संपलेला असतो. परीक्षा झाली, वही माळ्यावर गेली. मला याचं दरवेळी वाईट वाटतं, कारण ही मुलं मेहनत करतात. फक्त प्रत्येक सेमिस्टरला ती नव्याने सुरुवात करतात.

इलेक्ट्रिकलच्या अभ्यासक्रमात विषयांची यादी लांबलचक असली तरी मूळ कल्पना थोड्याच आहेत. त्याच कल्पना नावं बदलून परत येतात. म्हणून माझा सल्ला असा, की पहिल्या वर्षी एक साधं सर्किट निवडा आणि पदवी हातात पडेपर्यंत ते सोडू नका. प्रत्येक नवा विषय त्या सर्किटावर लावून बघा. मी जे सर्किट सुचवतो ते आकड्यांना सोपं आहे: १० मिलिहेन्रीचा इंडक्टर, १ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आणि त्यांच्याबरोबर सिरीजमध्ये बदलता येईल असा रेझिस्टर. त्यासाठी एक वेगळी वही घाला. विषयवार वह्या असतातच. ही त्यांच्याहून वेगळी.

पहिली पायरी: गणितातलं काय पक्कं हवं

गणिताचे पेपर तीन-चार असतात, पण पुढे रोज हाताशी लागतात त्या तीनच गोष्टी. कॉम्प्लेक्स संख्या, स्थिर सहगुणकांची लिनियर डिफरन्शियल समीकरणं आणि मॅट्रिक्स. बाकीचं गरज पडेल तेव्हा उघडून बघता येतं. या तिन्ही मात्र हाताच्या सवयीत उतरायला हव्यात.

कॉम्प्लेक्स संख्यांचा सराव असा करा. ३ + जे४ (जे म्हणजे √-१) दिसलं की लांबी ५ आणि कोन ५३ अंश हे कॅल्क्युलेटरशिवाय सुचलं पाहिजे. गुणाकार-भागाकार ध्रुवीय रूपात आणि बेरीज-वजाबाकी आयताकृती रूपात करायची, हे विचार न करता व्हायला हवं. रोज दहा-वीस मिनिटं, असे दोन आठवडे पुरतात. एवढं केलं की एसी सर्किटं अवघड राहत नाहीत. चार्ल्स स्टाइनमेट्झ यांनी १८९३ मध्ये शिकागोच्या विद्युत परिषदेत एसी सर्किटांसाठी कॉम्प्लेक्स संख्या वापरण्याची पद्धत मांडली, ती याचसाठी. साइन लहरींचं कॅल्क्युलस बाजूला ठेवून साध्या बीजगणितावर काम भागावं, हा तिचा उद्देश. ज्याला हे बीजगणित जड जातं त्याला फेझर (साइन लहर कॉम्प्लेक्स संख्येच्या बाणाने दाखवण्याची हीच पद्धत) शिकून काहीच फायदा होत नाही, उलट दुप्पट त्रास होतो.

दुसरी पायरी: सर्किट थिअरी, जिथे सगळं ठरतं

या विषयाला तुमच्या वेळेचा सगळ्यात मोठा वाटा द्या. गुस्ताव किरखॉफ यांनी आपले दोन नियम १८४५ मध्ये मांडले तेव्हा ते २१ वर्षांचे विद्यार्थीच होते. नियम दोनच आहेत, एका ओळीत मावतात: जोडबिंदूत जेवढा करंट येतो तेवढाच बाहेर जातो, आणि बंद फेरीतल्या व्होल्टेजची बेरीज शून्य. चुका होतात त्या चिन्हांच्या. म्हणून आकृती काढली की आधी प्रत्येक घटकावर करंटचा बाण आणि व्होल्टेजचे अधिक-उणे लिहा, करंट अधिक टोकातून आत जाईल असे. एकदा लिहिलं की उत्तर ऋण आलं तरी बाण बदलायचा नाही. उत्तर ऋण येणं ही चूक नसते. करंट उलट दिशेने वाहतोय एवढंच त्यातून कळतं. अर्ध्यावर बाण फिरवणारी मुलं मी सगळ्यात जास्त गुण गमावताना पाहिली आहेत.

नोडल (जोडबिंदूंची व्होल्टेज काढायची) आणि मेश (बंद फेऱ्यांतले करंट काढायचे) या पद्धतींपैकी एकीत हात बसवा. मी नोडल सुचवेन, कारण सर्किट सिम्युलेटर मुळात त्याच पद्धतीने चालतात. थेवनिनचं प्रमेय मात्र सूत्र म्हणून पाठ करू नका. कोणतंही लिनियर सर्किट दोन टोकांतून बघितलं की ते एक व्होल्टेज आणि एक इम्पीडन्स (एसी करंटला होणारा एकूण विरोध) एवढंच दिसतं, ही दृष्टी आहे. पुढे अ‍ॅम्प्लिफायरचा आउटपुट, फॉल्ट करंटचं गणित, अगदी प्रयोगशाळेतलं फंक्शन जनरेटर, सगळीकडे तीच लागते.

आता आपलं सर्किट घ्या आणि कागदावर सोडवा. एल म्हणजे इंडक्टन्स, सी म्हणजे कपॅसिटन्स. नैसर्गिक फ्रिक्वेन्सी म्हणजे १ ÷ √(एल × सी), म्हणजे १०,००० रेडियन प्रति सेकंद, साधारण १५९२ हर्ट्झ. क्रिटिकल डॅम्पिंगसाठी (हेलकाव्यांविना सगळ्यात लवकर स्थिरावण्यासाठी) लागणारा रेझिस्टन्स २ × √(एल/सी), म्हणजे २०० ओहम. यापेक्षा कमी रेझिस्टन्स असेल तर व्होल्टेज हेलकावे खात स्थिरावतं, जास्त असेल तर रेंगाळत. आपण ४० ओहम घेऊ. डॅम्पिंग रेशो ४० भागिले २००, म्हणजे ०.२. एक व्होल्टचा स्टेप इनपुट (शून्यावरून एकदम चढवलेलं व्होल्टेज) दिला तर कपॅसिटरवरचं व्होल्टेज पहिल्या उसळीत १.५३ व्होल्टपर्यंत जाईल, म्हणजे ५३ टक्के ओव्हरशूट. ही उसळी सुमारे ०.३२ मिलिसेकंदाला येईल आणि साधारण २ मिलिसेकंदांत सगळं शांत होईल.

याच सर्किटाला १५९२ हर्ट्झची, १ व्होल्टची साइन लहर द्या. इंडक्टर १०० ओहम, कपॅसिटरही १०० ओहम, दोघं एकमेकांना पूर्ण छेदतात. उरतो ४० ओहम, करंट २५ मिलिअँपिअर आणि कपॅसिटरवर २.५ व्होल्ट. एक व्होल्ट देऊन अडीच व्होल्ट कुठून आले, हा प्रश्न ज्याला पडत नाही त्याने अजून फेझर समजून घेतलेले नाहीत. इंडक्टरवरही अडीचच व्होल्ट आहेत, पण बरोबर विरुद्ध फेजमध्ये. म्हणून किरखॉफचा नियम अबाधित राहतो. हे बाण वहीत मोजमापाने काढा.

प्रत्येक उत्तरावर दोन तपासण्या करायची सवय इथेच लावा. एक, एकक जुळतंय का. २ × √(एल/सी) हे खरोखर ओहममध्ये येतं का, ते एकदा स्वतः करून बघा. दुसरी, टोकाची परिस्थिती: फ्रिक्वेन्सी शून्य केली, अनंत केली, रेझिस्टर काढून टाकला, तर उत्तर शहाण्यासारखं वागतं का? परीक्षेत या दोन तपासण्यांना मिनिटही लागत नाही.

तिसरी पायरी: तेच सर्किट ब्रेडबोर्डवर

आता हे जोडा आणि ऑसिलोस्कोपवर बघा. स्टेप इनपुट म्हणून १०० हर्ट्झची स्क्वेअर लहर घ्या. अर्धं आवर्तन ५ मिलिसेकंदांचं असल्याने हेलकावे पूर्ण शांत व्हायला वेळ मिळतो. जोडण्यापूर्वी अपेक्षित आकृती वहीत काढा, आकड्यांसह. हे न करता ऑसिलोस्कोप चालू केलात तर पडद्यावर जे दिसेल ते बरोबरच वाटेल.

आणि मग आकडा चुकतो. कागदावर ५३ टक्के ओव्हरशूट, पडद्यावर १६ च्या आसपास. पहिल्यांदा असं झालं की विद्यार्थी रेझिस्टर बदलतात, तारा हलवतात, शेजारच्या गटाचे आकडे विचारतात. काही जण प्रयोगवहीत ५३ लिहून मोकळे होतात. कृपा करून तसं करू नका. या फरकात पूर्ण पदवीतला एक उत्तम धडा दडला आहे.

फंक्शन जनरेटरला आतून ५० ओहमचा आउटपुट रेझिस्टन्स असतो. इंडक्टर म्हणजे तांब्याच्या बारीक तारेची गुंडाळी. मल्टिमीटर लावा, १० ओहम दाखवेल असं धरू. म्हणजे सर्किटात ४० नव्हे तर १०० ओहम आहेत. डॅम्पिंग रेशो ०.५, आणि त्याचं ओव्हरशूट १६ टक्के. उसळीची वेळही ०.३२ वरून ०.३६ मिलिसेकंदांवर सरकलेली दिसेल. सिद्धांत चुकलाच नव्हता. आपण काढलेली आकृती अपुरी होती. थेवनिनचं प्रमेय शिकून आठवडा झालेला असतो आणि जनरेटर हा त्याचा जिवंत नमुना समोर ठेवलेला असतो, तरी ते दोन धागे आपोआप जुळत नाहीत. ते वहीत तुम्ही जुळवायचे.

कपॅसिटर १० टक्क्यांनी मोठा निघाला तर फ्रिक्वेन्सी साधारण ५ टक्क्यांनीच घसरते, कारण सूत्रात वर्गमूळ आहे. असा अंदाज आधी बांधला की कुठला फरक घटकांच्या टॉलरन्समुळे (छापील आकड्यापासूनच्या मान्य फरकामुळे) आला आणि कुठला मागे काहीतरी लपल्यामुळे, हे ओळखता येतं.

उपकरणांबद्दल थोडं. प्रोब दहापटीवर ठेवा आणि ऑसिलोस्कोपच्या समोरच्या बाजूला मिळणाऱ्या स्क्वेअर लहरीवर त्याचं कॉम्पेन्सेशन करून घ्या. लहरीचे कोपरे सपाट आणि काटकोनी दिसेपर्यंत प्रोबवरचा छोटा स्क्रू फिरवायचा. साधा, सरासरीवर चालणारा मल्टिमीटर फक्त साइन लहरीसाठी खरा आरएमएस (तेवढीच उष्णता देणाऱ्या डीसीइतकं मूल्य) दाखवतो. स्क्वेअर लहरीवर तो ११ टक्के जास्त सांगतो. आणि प्रोबचा ग्राउंड क्लिप. बहुतेक ऑसिलोस्कोपमध्ये तो थेट अर्थिंगला जोडलेला असतो. सर्किटाच्या मधल्याच बिंदूला लावलात तर तो बिंदू जमिनीला शॉर्ट होतो. मेन्सवर चालणाऱ्या सर्किटात हे जिवावर बेतू शकतं.

पुढे मशिन्सच्या प्रयोगशाळेत आणखी तीन गोष्टी कायम लक्षात असू द्या. करंट ट्रान्सफॉर्मरची सेकंडरी प्रायमरीत करंट वाहत असताना कधीही उघडी ठेवायची नाही. डीसी सिरीज मोटर लोडशिवाय सुरू करायची नाही, तिचा वेग बेफाम वाढतो. डीसी शंट मोटरचं फील्ड चालू मशिनवर तोडायचं नाही. जोडणी बदलायची तर आधी सप्लाय बंद, मोठे कपॅसिटर रिकामे केलेले, आणि दुसऱ्या कुणीतरी जोडणी बघितलेली. यात घाई करणाऱ्या मुलाला मी प्रयोग थांबवायला लावतो, मग सबमिशनची तारीख उद्या असली तरी.

चौथी पायरी: इलेक्ट्रॉनिक्समधलं सरळीकरण

डायोड आणि ट्रान्झिस्टर लिनियर नसतात, म्हणून आतापर्यंतची हत्यारं थेट लागू पडत नाहीत. उपाय एकच: आधी डीसी बायस काढा, म्हणजे ट्रान्झिस्टर कुठल्या बिंदूवर बसलाय ते ठरवा, मग त्या बिंदूभोवतीचा लहानसा तुकडा सरळ रेषा माना. खोलीच्या तापमानाला थर्मल व्होल्टेज सुमारे २६ मिलिव्होल्ट असतं. कलेक्टर करंट १ मिलिअँपिअर असेल तर ट्रान्सकंडक्टन्स (बेसचं व्होल्टेज बदललं की कलेक्टर करंट किती बदलतो ते) झाला सुमारे ३८ मिलिसीमेन्स, आणि ५ किलोओहमच्या कलेक्टर रेझिस्टरवर गेन साधारण १९०. हा हिशेब तोंडी यायला हवा. बायस आणि लहान सिग्नल एकाच आकृतीत मिसळू नका, दोन वेगळ्या आकृत्या काढा. चुका बहुतेक तिथेच होतात.

पाचवी पायरी: सिग्नल्स आणि सिस्टिम्स

लाप्लास, फूरिए, कन्व्होल्यूशन अशी एकामागून एक साधनं येतात आणि विषय निव्वळ गणिताचा वाटू लागतो. आपली वही काढा. ४० ओहमच्या सर्किटाचे पोल (त्याच्या समीकरणाची मुळं) काढा: उणे २००० अधिक-उणे जे९७९८. खरा भाग हेलकावे किती लवकर विरतात ते सांगतो, काल्पनिक भाग ते किती वेगाने होतात ते. ऑसिलोस्कोपवर जे बघितलंत तेच या दोन आकड्यांत लिहिलेलं आहे.

आता रेझिस्टर शून्यापासून २०० ओहमपर्यंत वाढवत न्या आणि प्रत्येक वेळी पोल कुठे पडतात ते आलेखावर मांडा. ते १०,००० त्रिज्येच्या वर्तुळावरून सरकत येतात, २०० ओहमला उणे १०,००० वर एकमेकांना भेटतात, आणि त्यापुढे खऱ्या अक्षावर दोन दिशांना फाकतात. ही आकृती हाताने काढा, संध्याकाळ गेली तरी चालेल. एक घटक बदलत पोलची वाट काढायची, हेच कंट्रोलमध्ये रूट लोकस या नावाने येतं. ज्याने ती एकदा स्वतः काढली आहे त्याला तिथले नियम पाठ करावे लागत नाहीत.

सहावी पायरी: इलेक्ट्रोमॅग्नेटिक्स

या विषयाला मुलं घाबरतात, आणि त्याचं कारण समजण्यासारखं आहे: व्हेक्टर कॅल्क्युलस कच्चं असतं. पहिले दोन आठवडे फक्त डायव्हर्जन्स आणि कर्ल यांना द्या, सूत्रांऐवजी चित्रांतून. एखाद्या बिंदूतून क्षेत्र बाहेर पसरतंय का, आणि त्याच्याभोवती फिरतंय का, एवढे दोनच प्रश्न आहेत.

मग एक गोष्ट समजून घ्या, जी वर्गात घाईत राहून जाते. सर्किट थिअरी ही मॅक्सवेलच्या समीकरणांचीच एक सोपी केलेली अवस्था आहे, आणि सर्किट तरंगलांबीच्या मानाने फार लहान असेल तरच ती खरी. ५० हर्ट्झला तरंगलांबी ६००० किलोमीटर; टेबलावरचं सर्किट निःशंक सोडवा. १ गिगाहर्ट्झला ती ३० सेंटिमीटर. तिथे एका हाताच्या तारेच्या दोन टोकांचं व्होल्टेज वेगळं असतं आणि ट्रान्समिशन लाइन शिकावी लागते. ५० हर्ट्झचीच वीज शेकडो किलोमीटर नेली तर लाइनही तिथे नुसती तार राहत नाही. एकदा हे कळलं की हा विषय अभ्यासक्रमात का आहे, हा प्रश्न उरत नाही.

सातवी पायरी: मशिन्स

मशिन्सचा विषय सूत्रांनी शिकू नका, इक्विव्हॅलंट सर्किटने शिका. ट्रान्सफॉर्मर, इंडक्शन मोटर, सिंक्रोनस मशिन, प्रत्येकाचं एक चित्र आहे. त्यातल्या प्रत्येक घटकासमोर तो लोखंडातल्या किंवा तांब्यातल्या कुठल्या गोष्टीसाठी आहे ते लिहा. ओपन सर्किट टेस्टमध्ये कोअर लॉस मिळतो, शॉर्ट सर्किट टेस्टमध्ये कॉपर लॉस. का, ते त्या चित्राकडे बघून सांगता आलं पाहिजे.

एक उदाहरण पूर्ण करतो. चार चुंबकीय पोलची, ५० हर्ट्झची इंडक्शन मोटर: सिंक्रोनस वेग १५०० आरपीएम. नेमप्लेटवर १४४० असेल तर स्लिप (रोटर त्या वेगापेक्षा किती मागे ते) ४ टक्के आणि रोटरमधली फ्रिक्वेन्सी २ हर्ट्झ. इक्विव्हॅलंट सर्किटमध्ये रोटरचा रेझिस्टन्स ०.०४ ने भागला जातो, म्हणजे पंचवीसपट दिसतो. त्यातला एक भाग खरी उष्णता, उरलेले चोवीस भाग यांत्रिक शक्ती. रोटरला मिळालेल्या शक्तीपैकी ९६ टक्के शाफ्टकडे जाते, हे एका भागाकारातून निघतं. मोटर थांबलेली असेल तेव्हा स्लिप १, आणि सगळी शक्ती उष्णता होते. अडकलेली मोटर का जळते, याचं उत्तरही त्याच चित्रात आहे.

थ्री फेजमधला √३ कुठून येतो तेही एकदा फेझर काढून बघा. ३० अंशांचा त्रिकोण आहे, बाकी काही नाही.

आठवी पायरी: पॉवर सिस्टिम्समध्ये जुनी ओळख

पर-युनिट पद्धत (प्रत्येक राशी ठरवलेल्या मूळ मूल्याच्या पटीत लिहिणं) सुरुवातीला नकोशी वाटते. तीन उदाहरणं हाताने केली की ट्रान्सफॉर्मर गणितातून जणू गायब होतो आणि मग ती सोडवत नाही.

खरी गंमत स्थिरतेच्या धड्यात आहे. ग्रिडला जोडलेल्या जनरेटरचा रोटर धक्का बसला की पुढेमागे डोलतो, त्याचं स्विंग समीकरण. त्यात साइन आहे, म्हणजे ते लिनियर नाही. चौथ्या पायरीतली युक्ती वापरा, चालू कोनाभोवती सरळ करा. इनर्शिया स्थिरांक ५ सेकंद, कमाल शक्ती २ पर-युनिट, चालू कोन ३० अंश, फ्रिक्वेन्सी ५० हर्ट्झ घेतली तर नैसर्गिक फ्रिक्वेन्सी येते ७.४ रेडियन प्रति सेकंद, सुमारे १.२ हर्ट्झ. शेकडो टनांचा रोटर आणि ब्रेडबोर्डवरचा कपॅसिटर एकाच समीकरणाने डोलतात. कपॅसिटर सेकंदाला हजाराहून जास्त वेळा, रोटर साधारण एकदा. वहीत हे दोन्ही समोरासमोर लिहा आणि कुठला घटक कुणाच्या जागी आला ते जोड्या लावून काढा.

रोजचं वेळापत्रक, सिम्युलेशन, परीक्षा

लेक्चर झालं त्याच दिवशी त्यातलं एक उदाहरण पुस्तक बंद करून सोडवा. सोडवलेलं उदाहरण वाचून समजणं आणि कोऱ्या कागदावर ते सोडवता येणं यांत मोठं अंतर आहे, आणि ते परीक्षेच्या आदल्या रात्री कळलं तर काही करता येत नाही. अडलात तर किमान अर्धा तास झगडा, मगच उत्तर बघा, आणि कुठे अडलात ते एका ओळीत लिहून ठेवा. सेमिस्टरच्या शेवटी त्या ओळी वाचा. त्याच तुमच्या उजळणीच्या नोट्स.

सिम्युलेटर उत्तम साधन आहे, पण रन करण्यापूर्वी उत्तराचा अंदाज कागदावर असला पाहिजे, दहा टक्क्यांच्या आत नाही जमला तरी निदान दुप्पट-निमपटीत. काही पेपर मागे राहिले असतील तर आधी सर्किट थिअरी आणि गणिताचे पेपर सोडवून घ्या. बाकीचे त्यांच्यावर उभे आहेत.

शेवटचं वर्ष: प्रोजेक्ट

विषय निवडताना स्वतःला एकच विचारा: यातले मुख्य आकडे, व्होल्टेज, करंट, उष्णता, वेळ, मला आधी कागदावर काढता येतील का? येत नसतील तर विषय लहान करा. एक मोजता येणारी गोष्ट नीट चालणं, पाच गोष्टी अर्धवट चालण्यापेक्षा कितीतरी बरं. प्रत्येक आयसीच्या सप्लाय पिनला चिकटून ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावा. कारण न कळणारे अनेक बिघाड तिथेच संपतात. शेवटचा महिना नवं काही न जोडता फक्त मोजमापासाठी ठेवा. मोजलेले आकडे आणि आधी काढलेले आकडे अहवालात शेजारी-शेजारी छापा. ५३ आणि १६ सारखा फरक तिथेही निघेल. त्याला पूर्ण एक पान द्या आणि कारण मोजून दाखवा.